कार्पेटवर डांबर आणि ग्रीसचे डाग, कसे काढू?

सई_ठाणे:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट मदत हवीये. नुकतेच दक्षिण गोव्यात जाऊन आलो, बाणावलीच्या किनाऱ्यावर वाळूत काळे चिकट गोळे पडलेले असतात ना, ते पोरांच्या चपलांना खालून चिकटून आले आणि घरी आल्याआल्या धाकट्याने त्याच चपला घालून हॉलभर धुडगूस घातला. आता क्रीम रंगाच्या कार्पेटवर काळे ठिपके उमटलेत, त्यातला एक तर चांगला रुपयाएवढा आहे. शिवाय गॅलरीच्या दारापाशी सायकलच्या चेनच्या ग्रीसचा जुना पट्टा आहे तो वेगळाच. कार्पेट सासूबाईंनी हौसेने घेतलेलं, त्यांचा फार जीव आहे त्यात, म्हणून अजून पाण्याचा थेंबही लावला नाहीये. लोकरीचं आहे की सिंथेटिक ते कळत नाही, लेबल कधीच निघून गेलंय. शेजारच्या काकू म्हणतात रॉकेल लाव, बहीण म्हणते गरम पाणी नि सर्फ. काय करू?

मडगावचो_पाव:
सईताई, ते डांबरगोळे. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर आणि पावसात दरवर्षी येतात, नैर्ऋत्येचा वारा सुटला की कोळवा, बाणावली, माजोर्डा सगळीकडे काळी रेघ दिसते. जहाजांतून वगैरे समुद्रात सांडलेलं तेल असतं ते, हलका भाग उडून जातो आणि उरलेला जड भाग लाटांत घुसळून वाळू, शिंपल्यांचा चुरा घेत घट्ट होतो. म्हणजे मुळात तेलच, त्यामुळे नुसत्या पाण्याने ढिम्म हलणार नाही. पायाला लागलं तर आम्ही खोबरेल चोळतो आणि मग साबण लावतो, दोन मिनिटांत पाय स्वच्छ. कार्पेटलाही तोच नियम, फक्त तेल अगदी थेंब थेंब. आणि गोळ्यात वाळू असते हे विसरू नका, ब्रशने घासाल तर डाग जाण्याआधी धागाच झिजेल.

लाँड्रीवाला_सांगली:
ताई पाणी लावलं नाहीत हे उत्तम केलंत, आणि गरम पाणी तर मुळीच नको, उष्णतेने डांबर पातळ होऊन धाग्याच्या मुळापर्यंत उतरतं, मग आमच्याकडे आणलं तरी हात टेकावे लागतात. इस्त्री आणि टिपकागदाचा उपायही मेणासाठी ठीक आहे, डांबराला नाही.

आधी कार्पेट कशाचं ते बघा. मागच्या कोपऱ्यातला एक सुटा धागा काढून गॅलरीत चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत कुस्करणारी राख झाली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. लोकर असेल तर ब्लीच आणि सोडा लांबच ठेवा, ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते.

मग प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर ठेवा, डांबर पुरतं कडक होऊ दे, दाबल्यावर नख रुतायला नको. बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने डागाच्या बाहेरून आतल्या बाजूला टवके उडवा आणि निघालेला चुरा लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर तोच वितळून पुन्हा चिकटेल. मोठ्या ठिपक्याचं बरंचसं काम इथेच होतं, त्यामुळे कंटाळा करू नका.

उरलेल्या डागासाठी पांढऱ्या सुती फडक्यावर (रंगीत नको, रंग उतरतो) थोडंसं नीलगिरीचं तेल घ्या आणि टिपा. घासायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं. फडक्यावर तपकिरी रंग येईल, लगेच फडक्याची दुसरी स्वच्छ जागा घ्यायची. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून बघा, रंग गेला तर थांबा.

कोल्हापुरी_गॅरेज:
एवढा खटाटोप कशाला ताई, आमच्या गॅरेजात हाताला, सीट कव्हरला डांबर लागलं की रॉकेल नाहीतर पेट्रोल, एका फडक्यात साफ. वर्षानुवर्षं करतोय.

लाँड्रीवाला_सांगली:
दादा, डांबर रॉकेलने विरघळतं हे शंभर टक्के खरं, पण गॅरेज उघड्यावर असतं आणि सीट कव्हर धुता येतं. घरातल्या कार्पेटच्या पाठीवर बहुतेक वेळा लॅटेक्सचा थर असतो, त्यानेच धागे आणि खालचं कापड धरून ठेवलेलं असतं. रॉकेल-पेट्रोल झिरपून तिथे पोचलं की लॅटेक्स फुगतो, सुटतो आणि कार्पेटला पोपडे येतात. रेशनचं रॉकेल तर निळं असतं, क्रीम रंगावर नवा डाग पडायचा. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, देवघरातली समई किंवा मच्छरची कॉइल चालू असेल तर क्षणात पेट घेईल. घरात पेट्रोल नकोच नको, हे मी हात जोडून सांगतो. नीलगिरी तेलही पेटतं, तेव्हा ते वापरतानाही खिडक्या उघड्या आणि समई, कॉइल, गॅस सगळं बंद.

सई_ठाणे:
धागा जाळून पाहिला, मणी झाला, म्हणजे सिंथेटिक. बर्फाने छोटे ठिपके जवळजवळ गेले!! मोठ्यावर नीलगिरी लावलं, काळं गेलं पण आता तेलकट पिवळसर वर्तुळ दिसतंय. यावर बेकिंग सोडा आणि व्हिनेगर टाकू का, सगळीकडे तेच सांगतात.

पुण्याची_रसायनवाली:
सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की एकमेकांना मारतात, फेस छान येतो पण उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी, तेलाला त्याचं काही सोयरसुतक नाही. तुझं कार्पेट बहुधा पॉलीप्रॉपिलीनचं असेल, त्याला तेल फार लवकर धरतं, म्हणून राहिलेलं तेल काढणं महत्त्वाचं, नाहीतर महिन्याभरात त्यावर धूळ बसून तिथेच काळा गोल दिसेल. कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा पाव चमचा, जास्त अजिबात नको, कारण साबण राहिला तर तोही धूळ धरतो. फडक्याने लाव, टिप, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. असं फेस येणं थांबेपर्यंत.

आणि वाळताना खरी गंमत असते, खाली राहिलेला डाग पाण्याबरोबर धाग्यावर चढतो आणि सकाळी बघावं तर परत हजर. म्हणून ओलं असतानाच वर पांढरा पंचा चारपदरी घालून त्यावर वजन ठेव, पाटा किंवा जाड पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वर चढणारा डाग पंचा शोषतो.

लाँड्रीवाला_सांगली:
ग्रीसच्या पट्ट्याचं राहिलंच की. चेनच्या ग्रीसमध्ये लोखंडाचा बारीक कीस असतो, तो काळेपणा त्याचा, म्हणून तेल सुटलं तरी करडी छटा राहू शकते. आधी वर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा, मग वरच्यासारखंच नीलगिरी आणि नंतर साबणपाणी. जुना डाग आहे, एका बैठकीत जाणार नाही, मधे पूर्ण वाळू द्या. पंखा लावून वाळवा, पाऊस सुरू व्हायच्या आत उरकलं तर बरं, दमट हवेत खालून कुबट वास धरतो.