गेममधल्या दांडपट्ट्याचा डॅमेज कितीही कमी केला तरी तो भारीच पडतोय, नक्की काय बदलावं?

अंधारबाव_देव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आम्ही चौघं मिळून मोबाइलसाठी आठ जणांचा हातघाईचा गेम बनवतोय. नकाशा पन्हाळ्यावर बेतलेला, शस्त्रं मर्दानी खेळातली: तलवार, भाला, विटा (दोरी बांधलेला, फेकायचा भाला), आणि सामन्यात एकदाच मिळणारं लेजेंडरी शस्त्र म्हणजे दांडपट्टा. हेल्थ सगळ्यांची १००. चिलखत असेल तर डॅमेज २५ टक्के कमी.

तलवार: डॅमेज ३४, दोन वारांमध्ये ०.६ सेकंद, पल्ला १.२ मीटर, बटण दाबल्यापासून पहिला वार लागायला ०.२ सेकंद.

पट्टा: डॅमेज ५०, दोन वारांमध्ये ०.५ सेकंद, पल्ला २ मीटर, पहिला वार तलवारीसारखाच ०.२ सेकंदात. समोरच्या अर्धवर्तुळात जेवढे असतील तेवढ्यांना लागतो. सामन्याच्या ६० व्या सेकंदाला अंधारबावेच्या (गडावरच्या विहिरीच्या) जिन्याच्या तळाशी स्पॉन होतो, म्हणजे प्रकट होतो.

५० वर तर ज्याच्या हातात पट्टा त्याच्यापुढं कुणी टिकतच नव्हतं. ४५ केला, थोडा फरक पडला. मग ४०, मग ३६, फरक शून्य. ३३ केला तर कुणी उचलायलाच तयार नाही. ३४-३५ वर ठेवून गप्प बसायचं का? चाचणीचे ४० सामने झालेत, पट्टेवाला बहुतेक वेळा पहिलाच येतो.

फ्रेमरेट_राजारामपुरी

भावा, तू डॅमेज बदलतोयस, पण समोरचा मरतो वारांच्या संख्येनं. १०० हेल्थला ५० डॅमेज म्हणजे २ वार. ४९ पासून ३४ पर्यंत कुठलाही आकडा घे, ३ वारच लागतात. म्हणून ४५, ४० आणि ३६ तिन्ही खेळताना एकच. ३३ ला ३ वारांत ९९ होतात, १ हेल्थ उरते आणि चौथा वार मारावा लागतो. एका आकड्यानं एक अख्खा वार वाढला, म्हणून पट्टा एकदम मेला.

वेळ काढायची ती अशी: पहिला वार लागायचा वेळ, अधिक (वार वजा १) गुणिले दोन वारांमधलं अंतर. तलवार ०.२ + २ × ०.६ = १.४ सेकंद. पट्टा ५० वर ०.२ + ०.५ = ०.७, म्हणजे तलवारीच्या निम्म्या वेळात. ३४ ते ४९ वर १.२. ३३ वर १.७. तुला हवी ती जागा १.२ आणि १.७ च्या मध्ये आहे आणि डॅमेजच्या खटक्यानं तिथं पोचताच येत नाही, कारण तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वेळेचे आकडे सरळ उतारानं उतरतात, ते फिरव.

डॅमेज ४० ठेव आणि पहिल्या वाराची तयारी ०.२ ची ०.४ सेकंद कर. हिशोब ०.४ + १.० = १.४, बरोबर तलवारीइतका. समोरासमोर वेग सारखा झाला की पट्ट्याचं श्रेष्ठत्व त्याच्या पल्ल्यात आणि घेरात उरतं, आणि ते तिथंच असायला हवं.

०.४ ला दुसरंही कारण आहे. दोघांचं पिंग (फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) १०० मिलिसेकंद धरलं, तर वार सर्व्हरपर्यंत ५०, तिथून समोरच्याच्या फोनपर्यंत ५०, आणि त्यानं अडवल्याचं परत सर्व्हरपर्यंत ५०. १५० गेले. ०.२ च्या तयारीत त्याच्याकडं ५० मिलिसेकंद उरतात आणि एवढ्यात माणसाचा हात हलत नाही. डोळ्यानं बघून बोट हलायलाच साधारण २०० ते २५० लागतात. ०.४ केलं की २५० उरतात. आत्ता तुझा पट्टा कुणी अडवूच शकत नाही, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपणच कच्चे.

पट्टेकरी_जुनी_तालीम

आकडे वरच्या दादांनी बरोबर मांडलेत. मी शस्त्राच्या बाजूनं सांगतो, कारण पट्ट्याचा तोटा पट्ट्यातच आहे, तो बाहेरून चिकटवायची गरज नाही.

पट्ट्याच्या खोबळ्यात (मुठीच्या पोकळ लोखंडी हातमोज्यात) हात कोपराच्या जवळपास आत जातो आणि मनगट बांधलं जातं. तलवारीत मनगट मोडून वाराची दिशा बदलता येते, पट्ट्यात येत नाही. सगळं खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या पवित्र्यातून येतं. म्हणून एकदा फिरवायला घेतला की साखळी पुरी होईपर्यंत थांबवणं कठीण. हेच गेममध्ये आणा. ३ वारांची एक साखळी, ती सुरू असताना अंग वळायचा वेग कमी, आणि साखळीनंतर ०.८ सेकंद दम. त्या दमात वार नाही, बचाव नाही.

३ वार × ४० = १२०, म्हणजे एका साखळीत बिनचिलखती एक जण पडतो. त्याचा जोडीदार बाहेर थांबला असेल तर त्याला ०.८ सेकंद उघडी मिळतात. चिलखतवाल्याला ३ × ३० = ९० बसतात, १० हेल्थ घेऊन तो दमाच्या वेळी उलटा वार करू शकतो. चिलखत शोधायला कारण मिळतं.

त्या हातानं दोर धरणं, दरवाजा उघडणं बंद ठेवा. भाल्याचा पल्ला मात्र पट्ट्यापेक्षा जास्त हवाच, २.५ मीटर तरी. आणि विटा दोरीनं परत ओढता येतो, तो पट्टेवाल्याला लांबून छळायला उत्तम. मर्दानी खेळात प्रत्येक हत्याराला उतारा असतो, तो गेममध्ये हरवू देऊ नका.

शून्यपूर्णांक

राउंडिंग कुठं करताय ते तपासा. ३३ चे ७५ टक्के २४.७५. तसंच ठेवलं किंवा खाली उतरवलं तर चिलखतवाल्याला ५ वार, जवळच्या पूर्णांकावर नेलं तर २५ आणि ४ वार. सर्व्हर दशांश ठेवतोय आणि स्क्रीन पूर्णांक दाखवतेय असं असेल तर ‘० हेल्थवर जिवंत’ अशा तक्रारी येतील. हिशोब दशांशात, राउंडिंग फक्त दाखवताना.

अंधारबाव_देव (धागाकर्ता)

पायऱ्यांचं गणित आत्ता डोक्यात शिरलं. ४० डॅमेज, ०.४ तयारी, ३ ची साखळी, ०.८ दम, हे आज टाकतोय. पण अर्धवर्तुळात सगळ्यांना लागतो त्याचं काय? आणि जिन्याखाली स्पॉन ठेवू की हलवू?

नगारखाना_६०

हलवा, आजच. नकाशातला जिना किती रुंद आहे? २ मीटर असेल तर २ मीटर पल्ल्याचं अर्धवर्तुळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरतं. पट्टा जिथं सगळ्यात घातक तिथंच तुम्ही तो हातात देताय, वर यायची वाटही एकच. अंबरखान्यासमोरच्या (धान्यकोठारासमोरच्या) मोकळ्या जागेत ठेवा, तीन बाजूंनी येता यावं. स्पॉनच्या १० सेकंद आधी नगारा सगळ्या नकाशाला ऐकू जाऊ दे. क्वेक ३ या गेममधलं क्वाड डॅमेज (उचलणाऱ्याचा डॅमेज कैकपट करणारी वस्तू) ३० सेकंद टिकतं आणि २ मिनिटांनी परत येतं. त्याचा आवाज ऐकू येतो म्हणून त्याभोवती लढाई होते. नाहीतर जो योगायोगानं जवळ होता तो जिंकतो.

घेराचं: पहिल्याला पूर्ण डॅमेज, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्यापासून काही नाही. म्हणजे ४० आणि २४. दुसऱ्याला ५ वार लागतात, तेवढ्यात तो मागं सरकू शकतो.

मोठ्या गेमनीही धार बोथट करण्यापेक्षा शस्त्र कसं मिळतं आणि किती टिकतं यावर लगाम घातलाय. काउंटर-स्ट्राइकमधली एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक छातीवर एका गोळीत मारते आणि ते कायम आहे; पण किंमत गेममधल्या पैशात ४७५० आहे, किलमागं साध्या रायफलला ३०० मिळतात तिथं हिला १००, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅगझिन १० वरून ५ केलं. डोटा २ मधला डिव्हाइन रेपियर, जबर डॅमेजची तलवार, बाळगणारा मेल्यावर खाली पडतो, शत्रू उचलतो. उलटं उदाहरण फोर्टनाइटची इन्फिनिटी ब्लेड: डिसेंबर २०१८ मध्ये आली आणि काही दिवसांत काढावी लागली. लांब उडी, जबर वार आणि किलमागं हेल्थ, तिन्ही एकाच तलवारीत. उतारा कमी, शेवटच्या टप्प्यात तर फारच कमी. तुमच्या पट्ट्याला हेल्थ देऊ नका आणि मेल्यावर तो तिथंच पडू द्या.

फ्रेमरेट_राजारामपुरी

४० सामन्यांवर भरोसा ठेवू नकोस. पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या निकालाला ४० नमुन्यांत जवळपास १५ टक्के इकडं-तिकडं होतं. १००० ला तेच ३ टक्के. रात्री दोन एकसारखे बॉट (संगणकानं चालवलेले खेळाडू) लावून ठेव, एकाला पट्टा, एकाला तलवार, १००० लढती. बॉट पळून जात नाहीत, त्यामुळं तो आकडा पट्ट्याच्या बाजूनं थोडा फुगलेला येईल हे धरून चाल.

दुसरी फसगत: पट्ट्यापर्यंत पोचणारा मुळातच चांगला खेळणारा असतो, तो तलवारीनंही जिंकला असता. म्हणून ‘पट्टेवाले किती जिंकले’ हे मोजू नकोस. त्याच खेळाडूच्या तलवारीच्या आणि पट्ट्याच्या लढती शेजारी ठेव. लॉगमध्ये उचलताना हेल्थ किती, समोर किती जण, पहिला वार कुणाचा, पिंग किती, एवढं हवंच. माझ्या मते एकास एक १०० पैकी ६० ते ६५ लढती पट्ट्यानं जिंकाव्यात आणि दोघं मिळून आले तर निम्म्याहून जास्त वेळा हराव्यात. एका वेळी एकच आकडा हलव. आधी तयारीचा वेळ, मग दम. डॅमेज ४० वरून हलवायचाच नाही.