टाकीचं वजन आणि उतरण्याची जागा
टाकी भरलेली असते म्हणून फवारणीची विमानं उतरताना उलटतात, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. वजन जास्त नडतं ते उड्डाणाला. एअर ट्रॅक्टर ८०२ या फवारणीच्या विमानात सुमारे ३,००० लिटर द्रव मावतो, पण उतरेपर्यंत तो बहुधा फवारून झालेला असतो. खरी अडचण शेपटीखालच्या चाकाची. वजनाचा मध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे पडतो, त्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान थोडं वळलं की ते वळण वाढतच जातं आणि पंख जमिनीला घासतो.

आपल्याकडे यवतमाळच्या वावरात उतरतात ते ड्रोन. बॅटरी कमी झाली की बहुतेक ड्रोन नोंदवलेल्या जागी (होम पॉइंटवर), म्हणजे सहसा जिथून उडाले तिथेच परत येतात. आमच्या शिवारात गेल्या खरिपात फवारणीवाले काम सरकलं तसे दुसऱ्या धुऱ्यावर गेले, आणि ड्रोन आला जुन्या जागी, जिथे निंदणाच्या बाया जेवायला बसल्या होत्या. कुणाला पातं लागलं नाही, पण टाकीतलं उरलेलं औषध दोघींच्या अंगावर उडालं. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत, म्हणून जीव घाबरला. जागा बदलली की होम पॉइंट नव्याने नोंदवून घ्या, आणि जुनी जागाही मोकळीच ठेवा.