माळ्यावरची पेटी आणि सुपरमॅनची खार

काकू: दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावरची लोखंडी पेटी काल खाली काढली. आत जुनी कॉमिक्स आणि चांदोबाचे काही अंक आहेत, त्यांतल्या बऱ्याच पानांना कसर लागली आहे. सोमवारी रद्दीवाला गावात येईल, तेव्हा हे सर्व त्याला द्यावे का, ते सर्वांनी कळवावे.

मी: काकू, कृपा करून ती पेटी देऊ नका. त्यातले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक मोठ्या बाबांनी कापसाचे चुकारे झाले की तालुक्याच्या एसटी स्टँडवरून एकेक करून आणलेले आहेत. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, त्यामुळे एकदा गेलेला अंक पुन्हा हाती लागणे फार कठीण आहे. वेताळ (मूळ इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक ही ली फॉक यांनी अमेरिकेत घडवलेली पात्रे मला आवडतातच, परंतु सर्वांत जवळचा वाटतो तो बहादूर. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेल्या या नायकाचा बाप डाकू होता, आणि मुलगा मात्र सामान्य नागरिकांना हाताशी धरून सुरक्षा दल उभारतो. त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. रानडुकरांपायी आपण जागलीला जातो आणि एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हाळी देत रात्र काढतो, तेव्हा मला हटकून त्याचीच आठवण येते.

भाचा (पुणे): मामा, आपली आस्था मला समजते, पण आता हे सारे मोबाईलवर वाचता येते आणि मोठ्या पडद्यावर तर ती पात्रे प्रत्यक्ष उभी राहतात. जुलैमध्ये आपण अमरावतीला नवा सुपरमॅन पाहिला, तो आपल्यालाही आवडला होता.

मी: आवडला होता, आणि का आवडला तेही सांगतो. जेम्स गन यांच्या त्या चित्रपटात एक अवाढव्य प्राणी शहरात थैमान घालत असताना सुपरमॅन मध्येच एका खारीला उचलून सुरक्षित जागी नेतो. एवढ्या धुमाकुळात खारीकडे लक्ष द्यायचे कशाला, असे आपल्या मागच्या रांगेतले कोणीतरी म्हणाले. मला मात्र तोच प्रसंग खरा सुपरमॅन वाटला. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये त्याला कागदावर आणले, तेव्हा पहिल्याच कथेत तो एका निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टाळण्यासाठी धावतो आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आवरतो. दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याचा त्याचा तो मूळ स्वभाव दिग्दर्शकाने जपला, याचे मला मनापासून समाधान आहे. पाठीवर लाल केप घेतलेला त्याचा कुत्रा क्रिप्टो मुलांना आवडला, तसा मलाही आवडला.

माझी तक्रार आहे ती शेवटच्या भागाबद्दल. शहर दुभंगते, इमारती कोसळतात आणि हे सारे इतक्या वेगाने घडते, की कोणत्याही एका दृश्यावर नजर ठरत नाही. कॉमिक्समध्ये वेग वाचकाच्या हाती असतो. वेताळाच्या अंकात एका चौकटीत त्याची मूठ उगारलेली दिसते, पुढच्या चौकटीत गुंडाच्या जबड्यावर अंगठीतल्या कवटीची खूण उमटलेली असते. प्रत्यक्ष ठोसा मात्र मधल्या पांढऱ्या पट्टीत बसतो आणि तो आपण आपल्याच मनाने पाहतो. काल काकूंची नात त्या पानावर बोट ठेवून कितीतरी वेळ थांबली होती. ‘मधात काय झालं?’ असे तिने विचारले आणि मी उत्तर देण्याआधीच तिने स्वतः हवेत मूठ मारून दाखवली. मोबाईलवर एकेक चौकट मोठी करून पाहताना अख्खे पान एका नजरेत येत नाही, त्यामुळे हा आनंद निम्माच मिळतो. शिवाय आपल्या वावरात रेंज नसते, आणि रात्रपाळीची वीज आल्यावर ओलित करताना बॅटरीच्या उजेडात वाचायला कागदाचा अंकच सोयीचा पडतो.

भाचा (पुणे): चौकटींमधल्या जागेचा मी कधी असा विचार केला नव्हता. मग कसर लागलेल्या अंकांचे काय करायचे?

मी: सोयाबीन काढून झाले आहे, त्यामुळे अंगणात जागा मोकळी आहे. दोन दिवस सर्व अंक सावलीत वारा लागेल असे पसरून ठेवू. थेट उन्हात ठेवले तर रंग उडतात आणि कागद तडकतो. ब्रशने कसर झाडून, वाळलेला कडुलिंबाचा पाला तळाशी घालून पेटी पुन्हा भरू आणि ती माळ्याऐवजी ओसरीवर ठेवू. मुलांनी एका वेळी एकच अंक न्यावा आणि तो परत आणल्यावरच दुसरा घ्यावा.

काकू: ठीक आहे. रद्दीवाल्याला फक्त वर्तमानपत्रे देते. एका बहादूरच्या अंकाची शेवटची चार पाने मात्र नाहीत, तो ठेवायचा का?

मोठे बाबा: तो अवश्य ठेवा, सूनबाई. ती पाने पावसाळ्यात भिजून गेली, तेव्हा मी तो अंक तीनदा वाचलेला होता. रविवारी मुलांना ओसरीवर बसवा, शेवट मी सांगेन. पेटीची किल्ली देवघराच्या कोनाड्यात आहे.