मदत हवी आहे: तुरुंगाच्या आवारात पारवे मरतायत, दादाला काय सांगू?

मलप्रभाकाठ:
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. माझा थोरला भाऊ दीड वर्षापासून सीमाभागातल्या एका तुरुंगात कच्चा कैदी आहे. केसबद्दल काही विचारायचं नाही. तुरुंगाचं नावही लिहीत नाही, उगाच त्याला त्रास नको.

विचारायचंय ते पाखरांबद्दल. त्याच्या बराकीपुढं चिंचेचं झाड आहे, पत्र्याखाली पारव्यांची वस्ती. थंडी पडल्यापासून रोज सकाळी एखादा पारवा भिंतीकडेला पिसं फुलवून बसलेला सापडतो, दोन दिवसांत मरतो. आतापर्यंत नऊ झाले. एक होलाही गेला. झाडणारा उचलून गटारात टाकतो.

मागच्या मुलाकातीत दादानं हातानं करून दाखवलं. पारव्याची मान वळत वळत पार उलटी होते, चोच आभाळाकडं. दाणा समोर असतो, टोच मारतो ती दोन बोटं बाजूला, फरशीवरच. पुन्हा मारतो, पुन्हा चुकते. दादा त्याला कांबळ्याच्या तुकड्यात गुंडाळून उशाशी घेऊन झोपतो आणि भिजवलेला भात बोटानं चारतो. असे तीन त्याच्या हातात गेले. हे सांगताना त्याला रडू आलं. केसचा निकाल पुढं गेला तेव्हाही तो रडला नव्हता.

मला दोन्हीकडची भीती वाटते. नोव्हेंबर 2025 मध्ये भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात चार-पाच दिवसांत 30 च्या आसपास काळवीट गेले, ते गाव आमच्यापासून लांब नाही. तसलंच काही आहे का? बराकीत माणसं दाटीवाटीनं झोपतात, दोघांना खोकला आहे. पाखरांना हात लावू नको म्हटलं तर दादा ऐकायचा नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तसं म्हणवत नाही. शनिवारी मुलाकात आहे. काय सांगू?

गुरांचा_डॉक्टर:
ताई, काळविटांचा आजार गळघोटू म्हणजे घटसर्प, तो जिवाणूचा. तुम्ही सांगताय ती लक्षणं वेगळी. मान पिळणं, टोच चुकणं, हिरवट पातळ विष्ठा, ही पारव्यांच्या मानमोडीची खूण. कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू याच घराण्यातला. नुसत्या थंडीनं धडधाकट पारवा मरत नाही. आजारी पाखराला अंगातली ऊब टिकवता येत नाही, म्हणून थंडीत मरण्याचं प्रमाण वाढतं. रोग पसरतो तो एकाच भांड्यातल्या पाण्यातून आणि विष्ठेतून. पाणी कुठं ठेवतात तेवढं विचारून घ्या.

यावर औषध नाही. पण ऊब आणि हातानं चारणं मिळालं तर काही पाखरं आठवड्यांनी सावरतात, तेव्हा तुमचा भाऊ करतोय ते वाया जात नाही. फक्त चोचीत पाणी ओतू नये, श्वासनळीत जातं. चोचीचं टोक पाण्यात टेकवलं की ते आपलं आपण ओढून घेतं.

उशाशी मात्र अजिबात नको. मानमोडीनं माणसाचे डोळे लाल होतात, त्यापलीकडं सहसा काही होत नाही. खरा धोका वेगळा आहे. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा एक आजार माणसाला होऊ शकतो, ताप आणि कोरडा खोकला येतो. खोकणाऱ्या दोघांनी तुरुंगातल्या डॉक्टरांना 'आवारात पारवे मरतायत' हे आपणहून सांगावं. त्यावर अँटिबायोटिक आहे, पण डॉक्टरच्या मनात ती शंका यायला हवी. आणि विष्ठा कोरडी झाडू नये, आधी पाणी मारून ओली करावी.

एकाच वेळी कावळे, साळुंक्या, कोंबड्या पटापट पडू लागल्या तर बर्ड फ्लूची शंका घ्यायची. मग कुणीच हात लावायचा नाही.

वडगावकर:
पाखरं गटारात टाकणं आधी थांबवायला पाहिजे. नमुना तपासल्याशिवाय हे सगळं अंदाजावर चाललंय. दादानं अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, पशुसंवर्धन खात्याला बोलावण्याची विनंती करावी. बाहेरून तुम्ही 1962 ला, म्हणजे जनावरांच्या मदतीच्या नंबरला, फोन करा. वनखात्याची सहायवाणी 1926 आहे, तिथंही सांगून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात येतात, त्यांच्याकडं अर्जाची प्रत द्या.

अर्ज कन्नडमध्ये लिहा, मराठीत दिला की टेबलावरच पडून राहतो. लिहायला जमत नसेल तर मजकूर मला पाठवा, मी करून देतो.

मलप्रभाकाठ:
शनिवारी भेटून आले. वडगावकर भाऊ, तुमचा कन्नड अर्ज दादानं सही करून दिला, पोच मिळाली. 1962 वर मी बोलले, त्यांनी तुरुंगाकडून पत्र मागितलंय.

डॉक्टर, पाणी ठेवतात ती एकच जुनी परात आहे, सगळी पाखरं त्यातच पितात. दादा म्हणाला, "माझ्यामुळंच पसरलं की काय गं?" ती परात त्यानंच मागून घेतली होती. मी म्हटलं, नाही रे, तू पाणी दिलंस. पाखरू आता व्हरांड्यात खोक्यात ठेवतो. एक अजून जगलंय, अकरावा दिवस.

एकच विचारायचं राहिलं. परात रोज धुवायची म्हणतो, पण साबण मोजून मिळतो. मातीनं घासली तर चालेल का?

गुरांचा_डॉक्टर:
चालेल. घासून, धुऊन दुपारच्या उन्हात कडकडीत वाळू दे. दोन भांडी मिळाली तर आलटून पालटून वापरा. पाणी थोडंच ठेवायचं, संध्याकाळी ओतून टाकायचं. आणि भावाला सांगा, परातीत चूक नव्हती. मान किती वळते ते रोज बघून ठेवायला सांगा, पुढच्या मुलाकातीनंतर मला कळवा.