सहावा महिना चालूय, बाळ कधी लई फिरतं कधी एकदम गप, अन ग्लुकोजची तपासणी करावीच लागते का?

गंगाखेडची लेक
ताईंनो, पहिलंच आहे माझं, २३ वा आठवडा लागलाय. सोनोग्राफीत सगळं चांगलं आलं पण आता रोज नवीन काहीतरी व्हायलंय. बाळ एखाद्या दिवशी लई फिरतं अन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप, मग माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. रात्री पोटरीत गोळा येतो, परवा तर ओरडूनच उठले, ह्यांनी किती दाबलं तरी सुटंना. त्यात डॉक्टरांनी पुढच्या वेळेस ग्लुकोज पिऊन साखर तपासायची म्हणून सांगितलंय, सासूबाई म्हणायल्यात आपल्या घरात कुणालाच साखर नाही, कशाला उगं एवढं गोड प्यायचं. करू का नको?

उदगीरची सून
अगं घाबरू नको, माझ्या थोरल्याच्या वेळेस वार पुढच्या बाजूला होती तर मला २२ व्या आठवड्यापर्यंत काही कळतच नव्हतं. तुझ्या आठवड्याला बाळ लहान असतं, रोज सारखंच जाणवत नाही. जेवून डाव्या कुशीवर शांत पडून बघ. पोटरीत गोळा आला की दाबत बसायचं नाही, गुडघा सरळ ठेवायचा अन ह्यांना तळव्याला हात लावून बोटं तुझ्याकडं ढकलायला सांगायचं, मिनिटभरात सुटतो. झोपायच्या आधी पण असंच ताणून घेत जा. उठता-बसता जांघेत चमक निघंल, जेवल्यावर जळजळ होईल, संध्याकाळी पाय जरासे सुजतील, हे सगळं मला पण झालं. अन पाणी पी माय, आपल्याकडं एप्रिलचं ऊन काय असतंय तुला माहितीय, पाणी कमी पडलं की पोट पण टणक होतं.

एएनएम ताई, नांदेड जिल्हा
साखरेची तपासणी टाळू नको. घरात कुणाला नसली तरी ह्या दिवसांत होऊ शकते, कारण वारेतून जे हार्मोन्स येतात ते इन्सुलिनचं काम कमी करतात, म्हणून तर २४ ते २८ आठवड्यांत सगळ्याच बायांची करतो आम्ही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. उपाशी असावंच लागतं असं नाही. १४० किंवा वर आली तरच पुढचं, अन पुष्कळजणींची जेवण सांभाळूनच आटोक्यात राहते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मात्र परत करावी लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट असते, तिथं पण होईल.

आता हे नीट वाच. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोट ठराविक वेळानं दुखून टणक होणं, डोकं लई दुखून डोळ्यापुढं अंधारी येणं, तोंड-हात सुजणं, ह्यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा. २४ आठवडे होऊनही बाळ फिरलेलं कधी कळलंच नसेल तर दाखवायचंच. २८ नंतर बाळाची एक सवय कळायला लागते, ती कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना.

लातूर ४१३
लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका कुणी, मी तीन महिने तेच केलं अन रक्त वाढंचना. आता गोळी रात्री लिंबूपाण्यासोबत, अन कॅल्शियमची वेगळी, सकाळ-दुपारी जेवताना. संडास काळी होती, त्याला भिऊ नका.

गंगाखेडची लेक
आज तपासून आले, २५ वा लागला. साखर १२६ आली पण रक्त ९.८ च निघालं, लोहाच्या गोळ्या आता दिवसातून दोन केल्यात अन चहा गोळीपासून लांब ठेवलाय. सासूबाई सोबत आल्या होत्या. ग्लुकोज पिऊन बाकड्यावर बसलो तर बाळ असं फिरायला लागलं की साडीवरून दिसत होतं, त्यांनी हात ठेवला अन दोन तास काढलाच नाही.