सुरमईला ‘नैसर्गिक लेप’ लावला म्हणजे बर्फाची सुट्टी?

खाडीकाठ
परवा इथल्याच एका सभासदाने कौतुकाने टाकलं होतं. बाणेरला एक घरपोच मासळीवाला आहे, त्याच्याकडून सुरमईचे तुकडे मागवले. वर म्हणे ‘नैसर्गिक जंतुरोधक खाद्यलेप’. त्यामुळे बर्फ नाही, केमिकल नाही, वास नाही, फ्रीजमध्ये आठवडाभर निर्धास्त. शेवटी वर तोंड करून, “आता गणेश पेठेतल्या चिखलात कोण जाणार?” खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून हा धागा.

लेप थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेलं कायटोसान, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, त्यात लवंगेचं नाहीतर ओव्याचं तेल. कोचीची सीआयएफटी (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था) १९५७ पासून मासळीवरच काम करते, कायटोसान हा तिथला जुना विषय. सौम्य आम्लात विरघळलं की कायटोसानवर धन भार येतो, जिवाणूच्या आवरणावर ऋण असतो. ते त्याला चिकटतं आणि आवरण गळायला लागतं. वरून हवाही थोडी अडते. सगळं मान्य. पण हे थंडीच्या जोडीला लावायचं असतं, थंडीच्या ऐवजी नाही. बर्फात शून्य अंशाला मासा ज्या वेगाने खराब होतो, त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने ५ अंशांना आणि चौपट वेगाने १० अंशांना होतो. आपल्या फ्रीजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं ते आपलं आपण बघावं.

दुसरं, बांगडा. बांगडा, टूना, सुरमई ही मंडळी गरम जागी पडून राहिली की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लालबुंद, अंगावर गांधी, डोकं ठणकतं. लेप लावायच्या आधी जे व्हायचं ते झालेलं असेल तर लेप काय करणार? आणि तुकड्यांना ना डोळे ना कल्ले. बघून घ्यायचं तरी काय?

रेणूसूत्र
काका, मी याच क्षेत्रात नोकरी करते, म्हणून राहवलं नाही. तुम्ही बर्फाला देव करून ठेवलाय. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीत आरामात वाढतो. सुरमई तुम्ही तव्यावर टाकणार, तिथे तो मरतो. पण न शिजवता खायचा स्मोक्ड मासा, सोलून उकडलेली कोळंबी, यांचं काय? तिथे लेपात नायसिन, म्हणजे जिवाणूंपासूनच मिळणारं जंतुरोधक, घातलं तर खरंच उपयोग होतो.

आणि बर्फ कुठल्या पाण्याचा? २०१८ मध्ये आपल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कारखान्यांचा न खाण्याचा बर्फ निळा करायला लावला, तो कशामुळे? लोक तोच सरबतात घालत होते म्हणून. मासळीच्या पाटीत तुम्ही रंग बघून घेता का?

खाडीकाठ
बघतो. आणि बाई, नायसिनचं अर्धंच सांगितलंत. ते लिस्टेरियावर चालतं, पण समुद्राच्या पाण्यातल्या व्हिब्रिओवर एकटं फारसं चालत नाही. थंडीत मासा कुजवणारे स्यूडोमोनास, तेही त्याच जातीचे, दुहेरी आवरणाचे, म्हणून नायसिन आत पोचत नाही. व्हिब्रिओला जिरवते ती थंडी. म्हणजे आलो ना परत बर्फावर?

बांगडाभक्त
लेपाचं सोडा हो, ग्लेझिंगवर कोणी बोलणार आहे की नाही? गोठवलेल्या कोळंबीवर जे बर्फाचं कवच असतं तोही लेपच! एका मॉलमधून पाकीट आणलं, चाळणीत ठेवून वितळवलं. खाली पातेलंभर पाणी, वर मूठभर कोळंबी, आणि तीसुद्धा फॉस्फेटचं पाणी पिऊन फुगलेली. तव्यावर टाकली तर आक्रसून शेंगदाण्याएवढी. निव्वळ वजन बर्फ सोडून लिहायचं असा नियम आहे. मोजतो कोण?

तिरफळ
आमच्याकडे हर्णैला लिलाव आटोपला की घरी आलेल्या माशाला आजी लगेच मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ चोळायची. झाला लेप. फ्रीज कुणाच्या बापाने बघितला होता? आता तेच कंपनीने सांगितलं की आपल्याला खरं वाटतं.

रेणूसूत्र
तिरफळताई, आजी तो मासा त्याच दिवशी रांधत होत्या ना? आम्ल आणि मीठ जिवाणूंना आवर घालतात, त्यात वाद नाही. पण तसं चोळून आठवडाभर ठेवायला आजीही धजावल्या नसत्या. ठेवायचा असला की त्या सुकवतच होत्या.

सदाशिवकर
एक मिनिट. कायटोसान कोळंबीच्या कवचाचं, हे बरोबर वाचलं ना मी? कारण हाच लेप फळांवरही लावतात असं मागे वाचलं होतं. म्हणजे आम्ही चतुर्थीला आणलेल्या सफरचंदावर कोळंबी? आम्हाला विचारलं कोणी? हिरवा ठिपका कशाला ठेवलाय मग?

बांगडाभक्त
सफरचंद चमकवायला शेलॅक लावतात, ते लाखेच्या किड्याचं. ते आपल्या नियमांत बसतं. मंडईतलं चकचकीत सफरचंद इतकी वर्षं कसं गेलं हो घशाखाली?

सदाशिवकर
किडा आणि कोळंबी एकच का? आणि तुम्हाला मजा वाटते, पण आमच्या सोसायटीत लिफ्टमधून मासळीची पिशवी नेतात, पाणी गळतं, चार दिवस वास. सांगायला गेलं की आम्हीच संकुचित.

तिरफळ
अहो, आम्हाला तर भाड्याने घर देताना “नॉनव्हेज चालत नाही” म्हणून दारातून परत पाठवलंय, याच पुण्यात. बोंबील भाजताना खिडक्या लावून घ्यायच्या आणि वर तुमच्या नाकाची समजूत काढायची! वासाचं दुःख आम्हाला नका सांगू.

सदाशिवकर
घर ज्याचं, नियम त्याचा.

बांगडाभक्त
आणि नाक ज्याचं, वास त्याचा. दाबून धरा.

रेणूसूत्र
भांडा, पण माहिती नीट घ्या. कायटोसान बुरशीपासूनही काढतात, शाकाहारी. पाकिटावर मूळ लिहिलं की विषय संपला. फळाचा लेप आणि लिफ्टचा वास यांचा काडीचा संबंध नाही.

सदाशिवकर
लिहीत नाहीत हाच तर संबंध आहे, ताई. बुरशीचं असेल तर माझी हरकत नाही, हे तुमच्या समाधानासाठी म्हणतो. बाकी लिफ्टचं मी सोडलेलं नाही.

ओवी_कोथरूड
मला मध्ये बोलायचं नव्हतं. माझ्या मुलाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे. मासे चालतात, डॉक्टरांना विचारून सुरमई, पापलेट देतो. मागे एका हॉटेलात एकाच तेलात तळलेल्या पापलेटने त्याचे ओठ सुजले होते, रात्री हॉस्पिटल गाठावं लागलं. आता सुरमईवरच कोळंबीच्या कवचाचा लेप असेल तर मी काय करायचं? ही चर्चा वाचेपर्यंत मला हे सुचलंही नव्हतं.

रेणूसूत्र
ओवीताई, ॲलर्जी मुख्यतः कोळंबीच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रोटीनची असते. कायटोसान काढताना आम्लात, अल्कलीत उकळून प्रोटीन काढून टाकतात. अमेरिकन सैन्याच्या रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांतही कायटोसान वापरलं आहे. चांगल्या शुद्धतेचं असेल तर धोका फार कमी.

ओवी_कोथरूड
“चांगल्या शुद्धतेचं असेल तर.” ते कोण बघतं? तुमचा ‘फार कमी’ माझ्या मुलावर करून बघू?

खाडीकाठ
रेणूसूत्र, इथे तुम्ही गप्प बसलेलं बरं. २०२० च्या लेबल नियमांत कवचधारी प्राणी आणि त्यांचे पदार्थ वेगळे जाहीर करायला सांगितलेत, मासा वेगळा. पाकिटावर नुसतं ‘मासा आहे’ लिहून भागत नाही.

रेणूसूत्र
गप्प कशाला बसू? नियम मलाही पाठ आहे. लेबलवर यायलाच हवं, त्यात माझं-तुमचं दुमत नाही. लेप वाईट म्हणून नव्हे, लपवला म्हणून.

खाडीकाठ
मघाशी त्या बाणेरवाल्यांना फोन लावला होता. विचारलं, लेप कशाचा? “नॅचरल, सर.” कशापासून? “प्लांट आणि मरीन बेस्ड.” मरीन म्हणजे कोळंबी का? “रेसिपी कॉन्फिडेन्शियल आहे.” मासा कुठला? “कोस्टल.” गाडीत तापमान किती असतं? त्यावर तो म्हणाला, “सर, लेप असल्यामुळे गाडी थंड लागत नाही.” घ्या!

रेणूसूत्र
असं म्हणाला असेल तर त्याच्याकडून मीही घेणार नाही. पण त्या एका दुकानदारामुळे तुम्ही सगळा विषय गणेश पेठेच्या चरणी वाहताय. लेप, बर्फ आणि गाडीत तापमापक, तिन्ही देणारा कोणी उभा राहिला तर पुण्यासारख्या समुद्रापासून लांबच्या गावाला तो हवाच आहे. पावसाळ्यात जून-जुलै बंदी असते तेव्हा गोठवलेलं आणि लांबून आलेलंच खाता ना तुम्हीही?

खाडीकाठ
तेव्हा आंध्रची रहू खातो. तक्रार न करता. उभा राहिला तुमचा तो त्रिगुणी दुकानदार, तर पहिलं गिऱ्हाईक मी. तापमापक माझा मी आणीन.

बांगडाभक्त
आणि वजनकाटा मी.

ओवी_कोथरूड
एफडीएकडे त्या पाकिटाची तक्रार करायची तर फोटो कोणाकडे आहे? मूळ पोस्टवाल्यांना मेसेज केलाय, अजून उत्तर नाही.

सदाशिवकर
ताई, तक्रार मराठीत लिहून देतो, अर्ज-विनंत्यांचा सराव आहे. सफरचंदाचा मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात घालतो.