मदत हवी आहे: ब्रश सीलच्या तारांचं मॉडेल कन्व्हर्ज होत नाही (गणित उत्तरावर स्थिरावत नाही)

टर्बोकिडा: स्टीम टर्बाइनच्या ब्रश सीलचा (शाफ्टभोवतीची गळती रोखणाऱ्या बारीक तारांच्या ब्रशचा) छोटा तुकडा अ‍ॅन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये मांडतोय. तार हेन्स २५ या कोबाल्ट मिश्रधातूची, व्यास ०.१ मिमी, मोकळी लांबी १० मिमी, त्रिज्येशी कोन ४५ अंश. इंटरफिअरन्स (शाफ्ट तारांत घुसतो ते अंतर) ०.५ मिमी, फेन्स हाइट (मागच्या आधारप्लेटच्या कडेबाहेर त्रिज्येच्या दिशेने तारा उघड्या असतात ते अंतर) १.२ मिमी, दाबातला फरक ३ बार. १३ ओळी, दर तारेला २५ बीम एलिमेंट (गणितासाठी पाडलेले तुकडे), लार्ज डिफ्लेक्शन (मोठ्या वाकण्याचा हिशेब) चालू. एकटी तार नीट वाकते, ओळी जोडल्या की सोल्व्हर बोंबलतो. शिवाय दाब असताना शाफ्ट मागे घेतला तर तारा जागच्या हलतच नाहीत. मॉडेल गंडलंय की खरंच असं होतं?

बीमबहाद्दर: आधी एका तारेचा हातहिशेब करा. ई (धातूचा स्थितिस्थापकता गुणांक) २२५ गिगापास्कल धरला आणि घर्षण सोडलं, तर टोकावर त्रिज्येच्या दिशेने जेमतेम ३.३ मिलीन्यूटन येतात. टोक तारेला लंब ०.७ मिमी सरकतं, लांबीच्या ७ टक्के. म्हणजे लार्ज डिफ्लेक्शन हा इथे मुद्दाच नाही.

घोळ काँटॅक्टमध्ये, म्हणजे तारा एकमेकींना टेकतात त्या हिशेबात आहे. ०.४ मिमी एलिमेंटची अक्षीय स्टिफनेस (लांबीच्या दिशेचा ताठरपणा) सुमारे ४,४०० न्यूटन प्रति मिमी, अख्ख्या तारेची टोकाशी त्रिज्येच्या दिशेने वाकण्याची ०.००६६. पेनल्टी (तारा एकमेकींत घुसू नयेत म्हणून सॉफ्टवेअर मध्ये धरतं त्या काल्पनिक स्प्रिंगची स्टिफनेस) पहिलीवरून ठरली की तारा एकमेकींवर टणाटण उडणारच. ती शंभरपट कमी करा. १० मिलीन्यूटनला घुसखोरी ०.०००२ मिमी, व्यासापुढे नगण्य. आणि बीम काँटॅक्ट समांतर तारांचा निवडा, छेदणाऱ्यांचा नको.

गळतीतज्ज्ञ: तारा अडकणं खरं आहे, त्याला हँग-अप म्हणतात. ३ बार म्हणजे ०.३ न्यूटन प्रति चौ. मिमी. एका तारेचा बॅकिंग प्लेटवर (मागच्या आधारप्लेटवर) टेकलेला भाग साधारण ८.३ मिमी, म्हणजे पूर्ण दाब धरला तर ०.२५ न्यूटन. प्रत्यक्षात प्लेटवर दाब त्रिज्येनुसार बदलतो, भार बराच कमी भरतो. पण दहावा हिस्सा धरा, घर्षणांक ०.२५ घ्या, तरी ६ मिलीन्यूटन अडवायला उभे! तार परत ओढणार ३.३ ने. कशी येईल? म्हणूनच प्लेटला आतून खाच देऊन दाब समतोल करतात. तुमची प्लेट सपाट आहे का?

टर्बोकिडा: सपाटच. पेनल्टी कमी केल्यावर १३ ओळी सुटल्या, आभार. शाफ्ट फिरता ठेवला तर हिस्टेरेसिस (दाबताना आणि सोडताना बलात पडणारा फरक) कमी होईल?

गळतीतज्ज्ञ: टोकाचा होईल, प्लेटचा नाही. थांबलेल्या शाफ्टवर टोकाचं घर्षण दिशा बदलतं: आत दाबताना ३.३ चे ४.४, सोडताना २.६५. तारा फिरण्याच्या दिशेने झुकलेल्या असल्या की ते कायम पुढेच ओढतं, दोन्ही वेळी २.६५.

बीमबहाद्दर: लोड स्टेपचा (मॉडेलवर भार लावण्याच्या टप्प्यांचा) क्रम पाळा: आधी इंटरफिअरन्स, मग दाब हळूहळू, शेवटी शाफ्टचं सरकणं. उलट केलंत तर प्लेटच्या घर्षणाची दिशा बदलते आणि उत्तरही बदलतं. दाब सगळ्या ओळींवर सारखा वाटू नका. मोठा वाटा प्लेटलगतच्या शेवटच्या ओळींवर पडतो.